वाळूखालचा ओढा

कुणाच्याही गावी गेले आणि पाण्याचा तांब्या पुढं आला, की मी आधी विचारते, हे पाणी कुठलं. विहिरीचं म्हणाले, की विचारते, विहीर ओढ्यापासून किती लांब, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कोण राहतं. लोक हसतात. माझी सून तर तोंडावर म्हणते, "अम्मा, पाणी प्या. आपल्याला त्याच्याशी सोयरीक नाही जुळवायची." हसू देत बापडी. मी मात्र विचारल्याशिवाय घोट घेत नाही, आणि का घेत नाही हे घरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कारण तसा शब्द दिला होता. जिला दिला ती आता नाही, आणि ज्यांच्यासाठी दिला तेही नाहीत. तेव्हा आता सांगते.

माझं माहेर लोणावळ्याचं. बाजारात वडिलांचं घोंगड्यांचं दुकान आणि मागं आमच्या दोन खोल्या. तिथं चार महिने असा पाऊस, की पेटीतली घोंगडीसुद्धा दमट वास मारायची. त्यामुळं पाणी येतं कुठून हा प्रश्न मला लग्नापर्यंत कधी पडलाच नाही. पाणी वरून पडतं, उतारावरून वाहून जातं, झालं. लग्न होऊन आंबीजवळच्या एका लहान गावात आले, तेव्हा जर्मनची लढाई नुकती सुरू झाली होती. तिथं पहिल्याच उन्हाळ्यात कळलं, की पाण्यालाही शोधावं लागतं.

सासरी रंगाऱ्याचा धंदा. पागोटी, शेले, चोळ्यांची कापडं, जे येईल ते रंगवायचं. रंगाऱ्याला पाणी लागतं म्हणून आमचं घर गावाच्या टोकाला, ओढ्याच्या अगदी काठावर. घरात आम्ही तिघंच. मी, माझे मालक आणि सासूबाई. मालक इतके गरीब, की नांदेतल्या रंगाशीसुद्धा हळू बोलतील. सासूबाई बोलायच्या कमी, पण बघायच्या फार. आणि मी ही अशी. मनात आलं की ओठावर आलंच. सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेला नांदेत बुडवून काढा, थोडी मऊ होईल.

ओढा पावसाळ्यात दुथडी वाहायचा आणि पुढं इंद्रायणीला मिळायचा. पौषापर्यंत बारीक धार टिकायची. शिमगा झाला की नुसती खडेवाळू उरायची. मग त्या वाळूत हातभर खोल खड्डा करायचा. थोडा वेळ थांबलं की खालून पाणी पाझरून खड्डा भरायचा. त्याला झिरा म्हणतात. आमचं धुणं आणि रंगाचं खळबळणं सगळं त्या झिऱ्यावर. पिण्याचं पाणी मात्र विहिरीचं. ओढ्याच्या खालच्या अंगाला, आमच्यापासून शंभरेक पावलांवर एका शेतकऱ्याची दगडी बांधणीची विहीर होती. त्यांच्या भावकीची चार घरं आणि आमचं एक, एवढी वाडी त्या विहिरीवर भरायची. आम्ही मुसलमान, म्हणून आमचा दोर वेगळा, घागर वेगळी, उभं राहायची बाजू वेगळी. तेव्हाची रीतच तशी होती. कुणाला त्यात काही वाटत नसे. मला वाटायचं, पण नव्या सुनेला विचारतो कोण?

त्या घरच्या बाईला सगळे आक्का म्हणायचे, मीही म्हणायची. त्यांच्या मालकांना आबा. त्यांची एकुलती लेक माझ्याच वयाची. तिची नि माझी ओळख भांडणातून झाली, तीसुद्धा मी काढलेल्या.

झालं असं, की रोज सकाळी काठोकाठ भरलेला माझा झिरा दुपारी वीतभर खाली गेलेला असायचा. एक दिवस झालं, दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरून ही मुलगी गवताचा भारा घेऊन येत होती. मी कमरेला पदर खोचला आणि गाठलंच तिला.

"माझ्या झिऱ्यातलं पाणी कोण नेतं गं? तूच ना?"

तिनं भारा खाली टाकला. "अगं बाय माजे! आमी कशाला न्हिऊ तुजं पानी? आमच्या हिरीत काय कमी हाय व्हय?"

"मग जातं कुठं? भूत पितंय?"

ती काठावर बसली. झिऱ्याकडं बघितलं, मग विहिरीकडं बघितलं. तिकडं आबांची मोट चालू होती, बैल उतारावरून खाली येत होते. ती म्हणाली, "काल बी मोट चालू हुती. परवा बी. मोट थांबली का बग, तुजा झिरा भरंल." आणि मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. "म्हंजी आमच्या मोटंनं चोरलं म्हन की तुजं पानी! बांद आमच्या बैलास्नी आन् ने चावडीवर!"

मलाही हसू आलं. त्या दिवशी मोट सुटली आणि ऊन उतरेपर्यंत झिरा पुन्हा वर आला. दोघी काठावर बसून बघत होतो. आपल्या डोळ्यांनी बघितलं, आणि हसून सोडून दिलं. त्यानंतर किती वेळा मी स्वतःला विचारलं असेल, की अगं बये, तेव्हाच थांबून दोन घटका विचार केला असतास तर?

तिचं लग्न सुदुंबऱ्याला झालं. वर्षभरानं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरलेला. दुपारचं आमच्या पडवीत येऊन बसायची आणि नांदेतले रंग बघायची. तिला बाळाच्या टोपड्यासाठी गुलाबी कापड हवं होतं. साधंसुधं नाही, लोणावळ्याच्या बाजारात तिनं एकदा बघितलेलं, डोळ्यात भरणारं गुलाबी. मी म्हटलं, करडईच्या फुलाचा गुलाबी मी देईन, पण पहिल्या धुण्यात उतरेल. पक्का गुलाबी जर्मन रंगाचा, आणि लढाईमुळं त्या पुड्या येईनाशा झाल्यात. ती म्हणाली, "मंग लडाई सपल्यावर दे. तवर पोरगं बिनटोपड्याचं फिरंल." मी तिला शब्द दिला, की पहिली पुडी हाती येईल ती तुझ्या टोपड्याला.

त्याच चैत्रात सासूबाई वडिवळ्याला बहिणीकडं जाऊन आल्या आणि आल्या त्याच दिवशी अंथरुणाला खिळल्या. जुलाब, उलट्या, हातपाय गार. पटकी. तो शब्द तेव्हा कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. आम्हीही नाही उच्चारला, पण तिघांनाही कळलं होतं.

आक्का आल्या. अंगणाच्या पलीकडं, बाभळीपाशी उभ्या राहिल्या. हातात पेजेचं भांडं होतं, ते दगडावर ठेवलं.

"पोरी, म्हातारीला पेज पाज घोटघोट. आन् एक आयक. तिचं धुनं हिरीवर आनू नगंस. वड्याला ने. हिरीचं पानी पाच घरांच्या तोंडात जातंय."

"नाही आणणार, आक्का."

"पान्याला बी येऊ नगंस म्हातारी उठंस्तवर. राग नगं मानूस."

मी राग नाही मानला. रीत होतीच तशी. दुखण्याचं, विटाळाचं, बाळंतिणीचं, सगळं धुणं ओढ्यावर. विहीर म्हणजे घरचं देवघर, आणि ओढा म्हणजे सगळं वाहून नेणारा. ओढा आटलेला असला तरी रीत तीच. आम्ही पिण्यासाठी घराच्या वरच्या अंगाला वेगळा झिरा काढला, आणि सासूबाईंची लुगडी, गोधडी, फडकी मी नेहमीच्या झिऱ्यावर धुतली. मंगळवारपासून तीन दिवस. खड्ड्यातलं घाण पाणी शेजारच्या वाळूत ओतत होते. ओतलं की दिसेनासं व्हायचं. क्षणात वाळू कोरडीच्या कोरडी. मला बरं वाटायचं. घाण गेली, निकाल लागला. मी अगदी मन लावून धुतलं, खोटं कशाला बोलू. कामाला मी कधी कंटाळले नाही.

सासूबाई उठल्या. शुक्रवारी त्यांनी स्वतःच्या हातानं पेज घेतली. मालक त्या दिवशी रडले आणि मी त्यांना रागावले, की आता रडायचं काय कारण.

सोमवारी सकाळी आक्कांच्या लेकीला तेच दुखणं लागलं. दिवेलागणीच्या आत ती गेली. पोटातलं बाळ तिच्याबरोबरच गेलं. वाडीत आणखी दोघं आजारी पडली, ती वाचली.

मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. जाणार तरी कशी? ज्या घरात दुखणं आलं होतं त्या घरची मी. ओढ्याच्या या काठावरून धूर तेवढा बघितला. घरी येऊन नांदेजवळ बसले ते उठवेना. सासूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या जागी ती गेली गं." काही काही बोलणी माणूस सहज बोलून जातं.

गावात चर्चा झालीच. कुणी म्हणे हवा बिघडली. कुणी म्हणे भरदुपारी पोटुशी बाई वडाखालून गेली. एकदोघांनी आमच्या घराकडं बोट केलं. तेव्हा आक्काच उभ्या राहिल्या, लेक जाऊन दहा दिवस झाले नव्हते तरी. "तिला बोल लावायचा न्हाई. तिनं समदं सांबाळलं. हिरीची पायरी चडली न्हाई, धुनं बी हितं न आनता वड्याला न्हेलं." हे मला दुसऱ्या बाईनं येऊन सांगितलं, आणि मी त्या माउलीला मनातल्या मनात हजार दुवा दिल्या.

वर्ष गेलं. पुन्हा ओढा आटला, पुन्हा लग्नसराई आली. मालकांना पुण्यात एका व्यापाऱ्यानं जर्मन रंगाचा डबा दिला, लढाईच्या आधीचा शिल्लक म्हणून. उघडला तर आत लालसर भुकटी. चिमूटभर पाण्यात टाकली आणि काय सांगू, असा गुलाबी, की बघतच राहावं. उन्हात धरला की त्या गुलाबीवर हिरवट झाक चमकायची, तसला रंग आम्ही कुणी बघितलेला नव्हता. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल ते सांगायला नको. डबा हातात घेऊन मी आत गेले आणि जरा वेळ तिथंच बसले.

डबा फसवा निघाला. तो रंग रेशमाचा की कशाचा कोण जाणे, सुती कापडावर बसेचना. पागोट्यांचा अख्खा घाणा खळबळला तर कापड पांढरं आणि पाणी गुलाबी. त्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्या मी जागच्या जागी उद्धरल्या. मालकांनी ते पाणी घागरी भरभरून ओढ्यात नेलं आणि झिऱ्याशेजारच्या वाळूत ओतलं. आजवर रंगाचं सगळंच पाणी तिथंच ओतलेलं. आलाच्या झाडाच्या मुळ्या, हळद, कात, सगळं. ते रंग मातीला धरून बसायचे, चार पावलं पुढं जात नसत. हा मात्र कशालाच धरून बसणारा नव्हता. कापडाला नाही आणि मातीलाही नाही.

पाच-सहा दिवसांनी विहिरीवर आरडाओरडा झाला. घागरीत गुलाबी पाणी.

त्या दिवशी आम्हाला चावडीवर बोलावलं. सगळी वाडी जमलेली. आबा उभे होते, वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागलेले.

"पोर जाऊन वरीस झालं न्हाई झालं," ते म्हणाले, "आन् आता ह्यांनी पिन्याच्या हिरीत रंग कालवला. मी काय वाकडं केलंय ह्यांचं?"

मालक हात जोडून म्हणत होते, विहिरीत नाही टाकला, ओढ्यात ओतला. पण त्यांचा आवाज त्यांच्या शेजारच्याला तरी ऐकू गेला असेल का! पाटलांनी सांगून टाकलं, आठ दिवसांत घर मोकळं करा, बिऱ्हाड उचला. कुठं उचलणार होतो? तीन पिढ्यांचं घर, जमिनीत पुरलेल्या नांदा, आणि सासूबाईंना तर अजून अंगण ओलांडवत नव्हतं.

मी बायकांत मागं उभी होते. मला म्हणाल तर गप्प बसणं जमलंच नसतं. पुढं झाले.

"टाकला असता तर टाकला म्हणाले असते. मला कुणाची भीती नाही. रंग ओढ्याच्या वाळूत ओतला. विहिरीत गेला असेल तर तो आपल्या पायानं गेला."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "रंगाला बी पाय फुटलं का?"

आणि त्या हसण्यात मला एकदम ती आठवली. काठावर बसून बैलांना चावडीवर न्यायला सांगणारी. माझा आवाज तेवढा जरा उतरला.

"आबा, तुमची मोट चालली की माझा झिरा खाली जातो. मोट थांबली की भरतो. रोज. तुम्ही येऊन बघा. झिऱ्यातलं पाणी खालून विहिरीत येतंय. तुमच्या लेकीनंच मला पहिल्यांदा दाखवलं."

मेलेल्या पोरीची साक्ष काढली, आता ही बाई मार खाणार, असं तोंडांवर दिसत होतं. तेवढ्यात बायकांतून आक्कांचा आवाज आला. "व्हय. मला बी सांगितलं हुतं तिनं. हसत हुती."

पाटील विचारी माणूस. त्यांनी विचारलं, खरं-खोटं करून दाखवशील का. मी म्हटलं, डब्यात अजून अर्धी भुकटी आहे. विहीर उपसून स्वच्छ करा, वर तुमची माणसं राखणीला बसवा, आणि सांगाल तिथं मी ओढ्यात रंग ओतते.

"न्हेमी धुती तितंच वतू दे," आबा म्हणाले.

दोन मोटा लावून विहीर दोन दिवस उपसली. पाणी निवळ झालं. मग मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या देखत मी उरलेला डबा पाण्यात कालवला आणि त्याच झिऱ्याशेजारी ओतला. वाळूनं तो पिऊन टाकला. घटकाभरात जागा कोरडी.

मग वाट बघणं. बुधवारी काही नाही. गुरुवारी काही नाही. मोट चालूच होती. विहिरीवर बसलेली माणसं मला बघून खाकरायला लागली. सासूबाईंनी भांडी एका पोत्यात भरायला घेतली. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. पाची वक्ताच्या नमाजाला मी एकच मागणं मागत होते, या अल्ला, त्यांच्या विहिरीत रंग येऊ दे. दुसऱ्याच्या पाण्यात रंग येऊ दे अशी दुवा कुणी कधी मागितली असेल का? मी मागितली, अगदी पदर पसरून.

रविवारी सकाळी हाक आली. धावत गेले. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, आणि ओढ्याच्या अंगाला काळ्या पाषाणात एक आडवी चीर होती, तिच्यातून पाण्याची बारीक धार गळत होती. एकजण उतरला, धारेखाली काशाची वाटी धरली आणि वर आणून उन्हात ठेवली. गुलाबी. वर हिरवट झाक.

काय गलका झाला! पाटील म्हणाले, "बाई, जितलीस." आबांनी पागोटं काढून हातात घेतलं. "चुकलं आमचं," म्हणाले, "ऱ्हावा सुकानं." मालक डोळे पुसत होते. आणि मी हसत होते. मोठ्यानं, तोंड भरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घर राहिलं होतं, आणि माझं म्हणणं खरं ठरलं होतं. आपलं खरं ठरण्याची नशा काही निराळीच असते.

आक्का विहिरीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या वाटीकडं बघत नव्हत्या, खाली त्या चिरेकडं बघत होत्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालला होता.

"कवा वतलास गं?"

"मंगळवारी, आक्का."

"आन् आज आयतवार."

"हो."

अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर गेला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी तो अंगठा बघत होते, आणि माझं हसू तोंडातल्या तोंडात मेलं. त्यांनी मान वर करायच्या आधीच मला कळलं. धुणंही मंगळवारीच काढलं होतं. त्याच झिऱ्यावर. तेही असंच वाळूत ओतलं होतं. तेही दिसेनासं झालं होतं, आणि मला बरं वाटलं होतं. आणि सोमवारी.

मी आजवर कुणाला घाबरले नव्हते. त्या पायरीवर मात्र मी आक्कांच्या डोळ्यांना घाबरले. वाटलं, आता ह्या ओरडतील. ओरडाव्यात, झिंज्या धराव्यात, विहिरीत लोटून द्यावं. मी उभ्या जागी तयार होते. एवढी मोठी जीभ माझी, आणि हवी तेव्हा नेमकी लाकूड झाली.

आक्काच बोलल्या, अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं.

"मीच म्हनलं हुतं तुला. वड्याला ने म्हनून."

"आक्का, धुतलं मी."

"सांगितलं म्या." त्यांनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच शिवल्या त्या मला. "आबास्नी कळता कामा न्हाई. जीव द्यायचं त्ये. कुनाला बोलू नगंस. आन घे."

मी आण घेतली. मागं माणसं अजून गलका करत होती, वाटी हातोहात फिरत होती.

पण गप्प राहून चालणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी दुखणं येणार, आणि कुणीतरी बाई, माझ्यासारखीच मन लावून, धुणं घेऊन ओढ्याला जाणार. तिला काय सांगायचं? कशाच्या आधारावर? चार दिवसांनी आक्कांनी वाडीतल्या बायका बोलावल्या आणि सांगितलं, की लेक सपनात आली हुती. वल्ल्या केसांची. म्हनली, आई, दुखन्याचं धुनं हिरीच्या वरल्या अंगाला धुवू नगा, मला तरास हुतो. खालल्या अंगाला न्या, चुलीवर उकळा, आन् घान पानी रानात लांब खड्ड्यात पुरा.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रंगाचा प्रयोग बघून लोकांनी चार दिवस नवल केलं आणि सोडून दिलं, पण पोरीचं मागणं कुणी मोडलं नाही. वाडीनं पाळलं, मग गावानं पाळलं. लग्न होऊन गेलेल्या मुलींनी ते आपापल्या सासरी नेलं. पुढं कितीतरी वर्षांनी लोणावळ्याच्या बाजारात मला एक अनोळखी बाई भेटली, आणि बोलता बोलता म्हणाली, आमच्याकडं धुणं विहिरीच्या वर नेत नाहीत, एक पोर सपनात आली होती म्हणे. मी मान हलवली आणि घोंगड्या बघत राहिले.

मी मात्र ओढ्याचा नाद सोडला नाही. झिऱ्यात एक काठी रोवली आणि तिच्यावर चाकूनं खुणा करायला लागले. श्रावणात ओढा विहिरीला पाणी देतो, विहीर वर येते. दिवाळीनंतर उलटं. रानात मुरलेलं पाणी काठातून पाझरून ओढ्यात उतरतं, म्हणून पाऊस नसताही पौषापर्यंत त्याची धार टिकते. आणि धार आटली, तरी वाळूखालून चालणं चालूच असतं. आपण ज्याला आटला म्हणतो तो ओढा फक्त डोळ्यांना आटलेला असतो. हे कळायला शहाणपण लागत नाही, नुसतं थांबून बघावं लागतं. मी बघायला लागले, पण केव्हा?

आमच्या घागरीचा दोर त्या दिवसापासून वेगळा राहिला नाही. आक्का स्वतःच्या दोरानं माझी घागर भरायच्या. भावकीतल्या बायका कुजबुजल्या, त्यांनी लक्ष दिलं नाही. स्वतः मात्र त्या विहिरीचं पाणी प्यायल्या नाहीत. रोज पहाटे इंद्रायणीवर जाऊन कळशी भरून आणायच्या. विचारलं तर म्हणायच्या, नवस हाय.

आबा आधी गेले. दुसरी लढाई संपायच्या सुमारास आक्कांनीही अंथरूण धरलं. मी रोज जाऊन बसायची. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पेटीतून आणलेलं एक कापड त्यांच्या हातात दिलं. तिला हवा होता तोच गुलाबी. पहिली लढाई संपल्यावर तो रंग बाजारात पुन्हा मिळायला लागला होता, आणि मी टोपड्याएवढाच तुकडा रंगवून कितीतरी वर्षं पेटीत ठेवला होता. पक्का रंग. त्यांनी तो चोळून बघितला, बोटं बघितली. रंग लागला नव्हता.

मला वाटलं, आता तरी मोकळं होऊन रडावं दोघींनी. मी म्हटलं, "आक्का, तिनं माफ केलं असेल आपल्याला. नाहीतर तुमच्या स्वप्नात येऊन एवढ्या घरांना वाचवलं असतं का?" मी ते खरंच मानत होते. सगळं गाव मानत होतं, मीही मानायला लागले होते.

आक्का तो तुकडा छातीशी धरून म्हणाल्या, "सपान म्या केलं हुतं गं, बायकांनी आयकावं म्हनून. रोज वाट बगतीया. ती आली न्हाई कदी. येकदा बी न्हाई."